तिया ओटीपासून एक चौक तळ्याकडे

डोन्या ओटिलियाच्या नव्या पाटीवर रंगाऱ्यानं 'तिया ओटी', म्हणजे ओटी आत्या, हे दुकानाचं नाव रंगवलं, खाली वेबसाइटही रंगवली, आणि मग कळलं की वेबसाइटसाठी ते नाव कुणीतरी आधीच घेऊन बसलंय. जिच्या केळीच्या पानात उकडलेल्या, मक्याच्या नाकातामालवर रविवारी अर्धं मानाग्वा शहर तुटून पडतं, तिचंच नाव दुसऱ्याच्या खिशात! पाटी रविवारी लागायची होती. बाईंचं डोकं फिरलं.

भाचा अमिलकार वकील. त्यानं वेबसाइटच्या मालकांची नोंद शोधली. हल्ली शहाणे लोक तिथे आपलं नाव झाकतात; या भल्या माणसानं पत्त्यासकट सगळं उघडं ठेवलं होतं. एवारिस्तो पिचार्दो, तिया ओटीच्या दुकानापासून एक चौक तळ्याकडे, अर्धा चौक वर.

आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, पत्ता ओळखीच्या खुणेपासून मोजतात; तळ्याकडे म्हणजे उत्तरेला आणि वर म्हणजे उगवतीकडे, हे शेंबडं पोरही जाणतं. दोघं नोटीस घेऊन दुकानातून निघाले, ते थेट एका न्हाव्यापुढे उभे राहिले. अमिलकारनं खणखणीत आवाजात नोटीस वाचायला घेतली. जप्ती आली समजून खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं. न्हावी भडकला. आपण एवारिस्तो नाही, पण गेलं वर्षभर त्याची पत्रं मात्र आपल्याच बोकांडी बसतात, असं म्हणून त्यानं पत्रांचा गठ्ठा बाईंच्या हातात कोंबला.

तेव्हा कुठे उजेड पडला. नोंद जुनी होती, आणि दुकान गेल्या वर्षी हललं होतं.

मग जुन्या जागेपासून मोजत गेले. डोलखुर्चीत बसलेला एवारिस्तो म्हणजे बाईंचं रविवारचं जुनं गिऱ्हाईक निघालं. गिऱ्हाइकाला नाव कोण विचारतं? आपणही याच नावावर नाकातामाल विकणार होतो, म्हणाला, पण बायकोची पहिलीच खेप कच्ची राहिली.

"तरी नाव आधी मी घेतलंय. वकीलसाहेब, कायदा माझ्या बाजूनं आहे."

अमिलकारनं नोटीस घडी करून खिशात घातली. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का रे एवारिस्तो, नाव घेताना पत्ता काय लिहिलास? घर सांगायला खूण माझ्या दुकानाची, आणि नाव तुझं होय?"

आतून त्याची बायको खदखदून हसली. एवारिस्तोचं तोंड एवढंसं झालं. नाव देतो म्हणाला, पैसेही नकोत. पण तुमचं दुकान हलल्यापासून आपलं घर कुणाला सापडत नाही, त्याचं काय ते बोला.

अमिलकारनं तिथेच नवी नोंद भरायला घेतली. "आत्या, तुझा पत्ता काय लिहू?"

जन्मभर सगळ्यांनी तिच्यापासून वाट मोजली. तिला स्वतःला पत्त्याची गरज कधी पडलीच नव्हती.

"लिही," ती म्हणाली, "एवारिस्तो पिचार्दोच्या घरापासून तीन चौक वर."

एवारिस्तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"अगं, बाहेर ये लवकर. आपल्या घरापासून मोजतायत."