नानांचं आकाशातलं लोखंड

भास्करनाना कोणाच्याही घरी गेले की आधी पायातल्या चपला काढत आणि मग खिशातून लोहचुंबक. माझ्या आईचा वरवंटाही त्यातून सुटला नव्हता. नानांनी तो कानशीने जरासा घासला, भिंगातून न्याहाळला आणि निकाल दिला, "हा इथलाच." आईचा जीव भांड्यात पडला. तिला चटणी वाटायची होती.

जळगावातल्या आमच्या गल्लीतले हे विज्ञानाचे मास्तर उल्का शोधत होते. तेही खानदेशात, जिथे बांधापासून देवळापर्यंत एकूण एक दगड काळा! त्यातून या लाव्हाच्या दगडालाही चुंबक थोडं ओढतंच. पण नाना ठाम असत.

"इथल्या दगडातलं लोखंड ऑक्सिजनशी लग्न करून बसलेलं असतं. उल्केतलं लोखंड ब्रह्मचारी. घासा, चांदीसारखं चमकेल."

स्वतः नानाही ब्रह्मचारीच होते. घरात ते आणि टेबलावर एक काळा, जड गोळा, नारळाएवढा. धुळ्याजवळच्या त्यांच्या गावी वडिलांना तो नांगरताना सापडलेला. वाटण्या झाल्या तेव्हा नानांनी तेवढाच मागून घेतला आणि विहिरीवरचं शेत थोरल्या भावाला, आबांना, सोडलं. आबा पंचांसमोर म्हणाले, "दगडले दगडच गोड लागस!" पंच खो खो हसले. नाना उठून एस.टी.त बसले, ते त्यानंतर गावी गेलेच नव्हते.

हा गोळा म्हणजे नानांचा अभिमान. "छोट्याशा ग्रहाच्या पोटात लोखंड आणि निकेल वितळून बसतं," ते सांगत. "मग लाखो वर्षं निवत राहतं. निवता निवता त्याचे दोन धातू होतात, कामासाइट आणि टेनाइट, नि एकमेकांत पट्ट्या विणतात. पृथ्वीवर हे कोणाला जमायचं नाही. एवढा धीर आहे कोणाला?" म्हणून त्यांचं एक पालुपद होतं, "सावकाश निवू द्या." चहाला तेच, गल्लीतल्या भांडणांनाही तेच.

गोळा खरा की खोटा हे कळायला तो कापून आम्ल लावावं लागतं. नाना मात्र ते टाळत. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी 'भट्टीतला मळ असेल' अशी शंका काढली होती. आम्लाने ती पट्ट्यांची नक्षी उमटली नाही तर आबा खरे ठरणार होते, आणि नाना त्यालाच भीत होते.

चंद्रावरून माणसं दगड घेऊन आली त्या साली मात्र गल्लीने त्यांना भंडावून सोडलं. "नाना, चंद्राचे दगड आले, तुमचा कधी बोलणार?" शेवटी नाना चिडले, गोळा पिशवीत घातला आणि मला घेऊन वर्कशॉपात गेले. करवत चालली. नाना तांब्याने स्वतः पाणी ओतत होते. "तापवू नका हो! तापलं की नक्षी पुसते." पाती तुटली, मिस्त्री वैतागला. गोळा दुभंगला तेव्हा आतून लख्ख चांदी!

घरी आणून एक भाग घासला, स्पिरिटात थोडं नत्राम्ल घालून बोळ्याने फिरवलं. आधी काहीच दिसेना. नानांनी बोळा पुन्हा फिरवला. मग एकेक रेघ वर आली, तिला छेदून दुसरी, तिसरी. टोपलीच्या विणीसारखी नक्षी. मी ओरडलोच. गल्ली गोळा झाली. चंद्राच्या दगडांवरून चिडवणारे लोक रांगेत उभे राहून पाहत होते आणि आमच्या गल्लीचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

नानांनी मात्र दुसरा भागही तसाच घासला, त्यालाही आम्ल लावलं, पंच्यात गुंडाळला आणि म्हणाले, "उद्या धुळ्याची गाडी धरायची. हा आबाचा वाटा."

"आणि आबा काही बोलले तर?" मी विचारलं.

"बोलू दे. पुष्कळ निवलंय आता."

आबा ओट्यावर बसले होते. पार थकलेले. त्यांनी 'ये' म्हटलं नाही की 'जा' म्हटलं नाही. नानांनी पंचा सोडून तो तुकडा त्यांच्या हातात ठेवला. आबा नक्षीवरून अंगठा फिरवत राहिले.

"हाई कोनी कोरी?"

"कोनीच नही, आबा." नाना गावच्या बोलीत बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "सावकाश निवनं, म्हनीसन उमटनी."

आबा उठले आणि आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे भिंतीला लागून काळ्या दगडांचा कमरेएवढा ढीग होता, नीट रचलेला.

"नांगरमा निंघतस," आबा दुसरीकडे पाहत म्हणाले. "तू येशी तवय दखशी, म्हनीसन ठेयात."

नाना आपल्यासाठी इतकी वर्षं राखलेल्या त्या ढिगापाशी खाली बसले, खिशातून चुंबक काढलं आणि पहिला दगड उचलला. डोळे पुसले, दगड घासला, भिंगातून पाहिलं. "हाऊ आठलाच," वरवंट्याला दिलेलाच निकाल देत म्हणाले आणि दुसऱ्या दगडासाठी हात पुढे केला. आबांनी तो उचलून दिला.