नानांचं दाभण

सुरतेजवळच्या आमच्या उधन्याच्या सोसायटीत कुणी विमानानं निघालंय अशी कुणकुण लागली, की नाना दाभण घेऊन दारात हजर. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण विमानप्रवासातल्या चोऱ्यांबद्दल त्यांच्याइतकं ठाम बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांची मुलगी सुमन मस्कतला असे. एकदा ती आली तेव्हा बॅगेची चेन उसवलेली आणि नानांसाठी आणलेलं घड्याळ गायब. तेव्हापासून नानांचा कुलपावरचा विश्वास उडाला. "भाऊ, कुलूप कोन्हीबी चावीघाई उघडस," ते म्हणायचे, "गाठले घरनं मानूस लागस." म्हणजे गाठ सोडवायला घरचंच माणूस हवं.

कपडा मार्केटात तीस वर्षं त्यांनी साड्यांची पार्सलं शिवली होती. तीच विद्या आमच्या सुटकेसवर चाले. गोणपाट, दुहेरी टाके, शेवटी त्यांची खास गाठ. वर ब्रशनं काळ्या शाईत गुजरातीत लिहायचं : जुने कपडे.

"नाना, मस्कतच्या चोराला गुजराती येतं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"चोर आठलाच ऱ्हास, वहिनी!" नानांच्या मते चोर नेहमी इथलाच असायचा.

गाठ कापायची नाही, अशी ते शपथ घालायचे. गाठ सुटेना म्हणून शेजारचे मास्तर दिल्लीला भाच्याच्या लग्नात प्रवासातल्याच मळक्या शर्टात उभे राहिले. परत येऊन भांडले, तर नाना शांतपणे म्हणाले, "पन चोरी झायी का?"

शहाण्णव साली मी धाकट्या भावाकडे मस्कतला निघालो. नानांनी सुमनसाठी कुरडया-पापड माझ्या बॅगेत भरले, बॅग शिवली आणि माझा पासपोर्ट बनियनला आतून चोरखिसा करून त्यात टाकला.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला. मी शर्टाची बटणं सोडू लागलो. बाई दचकल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "भाईसाब, माल कौन से मार्केट का है?" सगळी रांग हसली.

मी बँकेतला अधिकारी माणूस. बाजूला झालो, एका हमालाकडून ब्लेड घेतलं, गोणपाट टराटरा फाडलं आणि गाठीसकट कचऱ्यात टाकलं.

बॅग सुखरूप पोहोचली. एक पापड मोडला नाही. सुमन ते न्यायला भावाच्या घरी आली, पण तिनं पापडांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाठ कुठंय काका?"

मी खरं ते सांगितलं. ती मला आपल्या घरी घेऊन गेली. कपाटातून एक डबा काढून दाखवला. आत नानांनी आजवर शिवून पाठवलेल्या बॅगांच्या सुतळ्या होत्या, एकही कापलेली नाही. लहानपणी मार्केटात नानांशेजारी बसून ती हीच गाठ शिकली होती. "फोनवर नाना 'बरी आहेस ना' म्हणतात आणि ठेवून देतात," ती म्हणाली.

निघताना तिनं त्यातल्याच सुतळीनं माझी बॅग जुन्या चादरीत शिवली आणि शेवटी तीच गाठ मारली. "गाठ कापल्याचं नानांना सांगू नका हं."

उधन्याला पोहोचलो, तर नाना ओट्यावर वाटच बघत होते. दाभण खिशात होतं, पण त्यांनी बोटांनीच गाठ सोडवायला घेतली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. चहा निवला. गाठ सुटली, तेव्हा सुतळी गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. बॅग तशीच राहिली.

मग खाली बघतच विचारलं, "मी बांधेल गाठ तिनी कितला वेळमा सोडी?"

"अर्धा तास लागला, नाना. कात्री लावू दिली नाही कुणाला."

नानांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मंग इसरनी नही."