बॅन झालेला तरस आणि पारवेसाहेब

एका जंगलात चोवीस तास रेंज होती. पाणी दिवसाआड मिळायचं, पण रेंज चोवीस तास. हसता काय? तुमच्या घरी तरी वेगळं काय आहे?

तर त्या जंगलात हिरोजी नावाचा तरस राहायचा. स्वभावानं अगदी गरीब. पण अंगाला असा वास, की वारा त्याच्या बाजूनं आला तर हरणं पाणी न पिताच माघारी जायची. त्याच जंगलात बायजा नावाची साळिंदर होती. तिच्या अंगभर काटे. तिच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे.

मग जंगलात गप्पांचा सर्व्हर आला. मोबाईल उघडायचा, आत शिरायचं आणि बोलायचं. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाई. वास येत नाही, काटा टोचत नाही. सगळे त्याला कट्टा म्हणत. तिथं हिरोजीची आणि बायजाची गट्टी जमली. दिवसभरात काय काय झालं ते बायजा रंगवून सांगायची आणि हिरोजी पोट धरून हसायचा. आपली कुणीतरी वाट बघतंय, हे त्या बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

बायजाचं बीळ हिरोजीच्या गुहेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मग तो चालत का गेला नाही, असं कोण विचारतंय? तू? काल शेजारच्या खोलीतून आईला 'भूक लागली' असा मेसेज कुणी टाकला होता? गुपचूप ऐक.

कट्ट्याचा ॲडमिन होता मोरराव. दिसायला राजबिंडा. पण कट्ट्यावर दिसण्याचा काय उपयोग? म्हणून तो तिथं गायचा. रोज संध्याकाळी. मोर ओरडतो कसा, ते ऐकलंय ना तुम्ही? तसंच, फक्त लांबलचक. बाकीचे निमूटपणे 'वाहवा' म्हणायचे आणि आपापली कामं करायचे.

एके दिवशी मोररावानं वरचा सूर लावला आणि हिरोजीला हसू फुटलं. तरसाचं हसू ते! आवरता आवरेना.

"कोण हसलं?" मोरराव कडाडला.

"मी हसलो, मोरराव," हिरोजी म्हणाला. "चुकलं माझं. पण ते मघाशी गळ्यातून काय काढलंत, ते पुन्हा एकदा काढा ना!"

झालं. हिरोजी बॅन. कायमचा.

पहिली संध्याकाळ हिरोजीनं गुहेच्या भिंतीकडं बघत काढली. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं 'रानफूल' असं नाव घेतलं आणि कट्ट्याचं दार ठोठावलं. दार काही वेडं नव्हतं. ते नाव बघत नसे, मोबाईलची खूण बघे. त्यानं रानफुलाला उंबऱ्यावरूनच हाकललं.

आता सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं म्हणतात. पण आमच्या जंगलातल्या सरड्याला पुढं धावायची गरजच नव्हती. त्याचा धंदाच कुंपणावर होता. बॅन झालेल्यांना आत शिरायची सॉफ्टवेअरं तो विकायचा. हिरोजी साठवणीतली चांगली, मुरलेली हाडं घेऊन त्याच्याकडं गेला.

"हे टाक मोबाईलमध्ये," सरडा म्हणाला. "मोबाईलची खूण बदलेल, पत्ता बदलेल. तू नदीपलीकडून बोलतोयस असं वाटेल. तुझ्या जन्मदात्या आईला ओळखू येणार नाहीस."

आणि खरंच दार उघडलं! हिरोजी आनंदानं आत गेला आणि म्हणाला, "राम राम मंडळी!"

"हिरोजी आला रे आला!" सगळे एकदम ओरडले. पुन्हा बॅन.

अरे, बोलायच्या ठिकाणी शिरायचं आणि आवाज तोच ठेवायचा? जंगलात असा शहाणा एकच होता. पण मला त्याची दया येते. चोरी करायला जाताना दारावर टकटक करणारा प्राणी तो.

सरड्यानं उरलेली हाडं घेतली आणि आवाज बदलायचं सॉफ्टवेअर काढलं.

"वाघाचा आवाज दे," हिरोजी म्हणाला.

"वाघाचा घेतलास तर सगळे प्रश्न विचारतील. पारव्याचा घे. पारवा घूं घूं करतो. ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच हो म्हणतोय. फार चालतो तो आवाज. फक्त हसू नकोस. हसू काही बदलता येत नाही बाबा, कंपनीचे प्रयत्न चालू आहेत."

अशा रीतीनं कट्ट्यावर पारवेकाका अवतरले. मोररावानं गायला सुरुवात केली की पारवेकाका तोंडात बाभळीची फांदी आडवी धरत, आणि गाणं संपलं की 'घूं, वाहवा, घूं' करत. मोरराव खूश. बायजाही कट्ट्यावर होती. ती पूर्वीसारखीच गमती सांगायची. पण आता तिच्या गमतींना कुणी हसत नव्हतं. पारवेकाका फांदी चावत बसत. मी कोण आहे ते हिला सांगावं, असं हिरोजीच्या फार मनात येई. पण सांगणार कसं? सगळ्यांनाच ऐकू गेलं असतं.

एकदा मोररावाला संशय आला. तो म्हणाला, "कट्ट्यावर वेश पालटून कुणीतरी शिरलंय."

हिरोजी घाईघाईनं म्हणाला, "घूं! फारच गंभीर बाब आहे. मी तर म्हणतो, बॅन झालेल्यांचं नाव काढील त्यालाही बॅन करा. त्यांच्याशी बोलेल त्यालाही करा. तो तरस तर... छे छे! काय ते हसणं! घाणेरडा प्राणी!"

"वा!" मोरराव म्हणाला. "याला म्हणतात निष्ठा! आजपासून तुम्ही कट्ट्याचे रखवालदार. बॅन करायचं बटण तुमच्याकडं."

पारवेकाकांचे पारवेसाहेब झाले.

साहेब झाल्यावर हिरोजीनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं. कोण किती उशिरा 'वाहवा' म्हणतं, कोण मधेच जांभई देतं, सगळ्यावर त्याची नजर. माकडाला बॅन केलं, दोन ससे बॅन केले. बटण दाबलं की बारीक 'टुंग' वाजे. तो आवाज त्याला आवडायला लागला होता.

आणि मग एका संध्याकाळी मोररावाचं गाणं संपल्यावर बायजा म्हणाली, "मला हिरोजीची फार आठवण येते. तो होता तेव्हा इथं जिवंत वाटायचं. त्याला घाणेरडा म्हणता, पण खरं बोलून चूक मान्य करणारा तोच एक होता."



"पारवेसाहेब," मोरराव म्हणाला, "नियम काय आहे?"

हिरोजीला हुंदका फुटला. पण त्याचाही पारव्याच्या आवाजात 'घूं' झाला. त्यानं मनाशी विचार केला, आत्ता हिला बॅन करू. उद्या सरड्याकडून हिलाही एखादा आवाज घेऊन देऊ. मग दोघं निवांत बोलू. नाही केलं, तर दोघंही बाहेर. बाहेर जाऊन काय करायचं? हे सगळं त्याला अगदी समजूतदारपणाचं वाटलं. त्यानं बटण दाबलं. टुंग.

बायजानं मोबाईल बाजूला ठेवला. आपल्याला हाकललं म्हणून तिला वाईट वाटलं नाही. उलट तिच्या मनात आलं, आता मी बॅन, हिरोजीही बॅन. मग अडवतंय कोण? ती उठली, अंग झटकलं, आणि थेट हिरोजीच्या गुहेपाशी गेली.

"हिरोजी! अरे ए हिरोजी! मी बायजा. बाहेर ये की!"

हिरोजीनं मान वर केली. दारात खरीखुरी बायजा उभी होती. काटे मिटून, हसऱ्या तोंडानं. त्याच्या वासानं तिनं नाकसुद्धा मुरडलं नव्हतं. तो उठायला लागला. मग दचकून त्यानं मोबाईलवर पंजा दाबून धरला.

"हळू बोल ना!" तो कुजबुजला. "कट्ट्यावर ऐकू जाईल. बॅन झालेल्यांशी बोलायची बंदी आहे."

"पण बंदी तिथं आहे ना? हे तुझं घर आहे, हिरोजी."

हिरोजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मोबाईलमधून मोररावाचा दुसरा आलाप सुरू झाला, आणि पहिली वाहवा करायचा मान रखवालदाराचा असतो.

"घूं," पंजा उचलून हिरोजी मोबाईलमध्ये म्हणाला. "वाहवा."

मग त्यानं पुन्हा दाराकडं पाहिलं. दार रिकामं होतं.

तात्पर्य: मुलांनो, रखवालदार नेमायचा झालाच, तर कुंपणावरून उडी मारून आत आलेलाच नेमावा. दारातून आलेल्यांचा भरवसा नसतो. त्यांना उगाचच दुसऱ्यांनाही आत घ्यावंसं वाटतं.