तात्यांचा ताईपान

दळण टाकायला आलेल्या बाईला आमचे रंगनाथतात्या "गहू का बाजरी?" असं विचारत नाहीत. डबा उचलतात, दाणे गिरणीच्या तोंडात सोडतात आणि पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणतात, "एका चाव्यात शंभर मानूस! बोला!"

नवीन सून असेल तर दचकते. तिला वाटतं, गावात काहीतरी आक्रीत घडलंय. जुन्या बाया मात्र ढिम्म. त्या म्हणतात, "तात्या, बारीक दळा."

ही शंभर माणसं म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका सापाचा हिशोब. त्याचं नाव ताईपान. तिसगावच्या अलीकडं आमचं गाव, चारी बाजूंनी बाजरी, तूर आणि डोंगर. इथल्या कुणी हा साप बघायचा प्रश्नच नाही. तात्यांनीही मोबाईलवरच बघितलाय. माझं शिवणकामाचं दुकान गिरणीला चिकटून, मधली भिंत एका विटेची. त्यामुळं या सापाचं सगळं शिक्षण मला फुकटात आणि नको असताना मिळालेलं आहे.

तर हा साप तिकडच्या वाळवंटात, पार मधोमध राहतो. जमीन काळी, आपल्यासारखीच भेगाळणारी. त्या भेगांत शिरून उंदीर खातो. उन्हाळ्यात फिकट, थंडीत काळपट. स्वभावानं म्हणाल तर लाजाळू, माणूस दिसला की आधी पळणारा. पण विष? जमिनीवरच्या सगळ्या सापांत पहिला नंबर!

"म्हणजे तिथली माणसं पटापट मरत असतील," मी एकदा म्हटलं.

"छ्या! मानूसच न्हाई तिथं. मरायचं कोन?"

आता बोला. पण तात्यांना यात काही वावगं वाटत नाही.

आमच्याकडं डोंगराच्या कडेला फुरशी पैशाला पासरी. हातभर लांबीचं जनावर, दगडाखाली वेटोळं करून बसतं, अंगाला अंग घासून करवतीसारखं खर्रर्र वाजवतं. गाव त्याला टरकून असतं. तात्या म्हणणार, "ह्यो काय साप हाय? शिकलेलं गांडूळ हाय ते."

गावातल्या माणसांनाही त्यांनी हेच माप लावलेलं. वरच्या आळीतल्या एका सासूचं भांडण ऐकून म्हणाले, "नुसती खर्रर्र करती, इख न्हाई." सरपंचांना धामणीत बसवलंय. मिरची कांडायला आणली की चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटणार आणि "निम्मा ताईपान" असा निकाल देणार. माझ्याबद्दल विचाराल तर, "सूनबाई, तुझी जीभ ताईपानाच्या घरान्यातली." हे कौतुक आहे असं त्यांचं म्हणणं. मी तसंच धरून चालते, नाहीतर शेजारधर्म टिकायचा कसा?

कहर झाला गेल्या नागपंचमीला. त्या दिवशी आमच्यात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. तात्याही गिरणी बंद ठेवतात. मी दारात पाटावर चंदनानं नाग काढत बसले होते. तात्या येऊन उभे राहिले.

"आनखी एक काढ. बिनफन्याचा."

"बिनफण्याचा कसला नाग?"

"त्याला फना नसतो. तपकिरी काढ, न्हाईतर वळखू येनार न्हाई."

सणाच्या दिवशी कुठं तोंड लागायचं म्हणून मी चंदनात चहाची पावडर कालवून एक काढला. तो दोरीच्या तुकड्यासारखा दिसत होता. तात्यांनी त्याच्यापुढं लाह्या ठेवल्या, दूध ठेवलं, आणि हात जोडून ओठांतल्या ओठांत बराच वेळ काहीतरी पुटपुटले. आरती करणाऱ्या पोरी खुदुखुदु हसत होत्या. मीही हसले.

त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून तात्या एकटेच असतात. एकुलता एक मुलगा प्रवीण, तो मेलबर्नला नोकरीला. दर रविवारी चार वाजता, तिकडं जेवणं उरकली की त्याचा फोन येतो. तात्या त्या वेळी गिरणी बंद करतात, मिशीवरचं पीठ झटकतात, मोबाईल दोन्ही हातांनी धरतात आणि विचारतात, "साप दिसला का?"

"नाही तात्या."

"बरं. ठिवू?"

झालं बोलणं! भिंतीपलीकडं माझा जीव तळमळायचा. एकदा न राहवून झापलंच त्यांना. "अहो, पोरगं सातासमुद्रापलीकडून फोन करतं आणि तुम्हाला सापाचं पडलंय! जेवलास का, म्हणून तरी विचारावं."

"जेवतच आसंल की. भुकंनं कोन मरतंय तिकडं?"

प्रवीणनं त्यांना शंभरदा सांगितलं होतं, की तो साप मेलबर्नपासून शेकडो कोस लांब, तिकडं वाळवंटात आहे. त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं, "त्याला काय, चालतच यायचंय ना."

मग गेल्या महिन्यातला तो रविवार. गिरणीच्या मागं जुने झिजलेले दळायचे दगड पडलेले असतात. त्यातला एक टाकी घालून, छिन्नीनं खरखरीत करून पुन्हा वापरावा असं सकाळी तात्यांच्या डोक्यात आलं. दगड उचलायला त्यांनी खाली हात घातला आणि बोटाला फुरसं डसलं.

हे मला कसं कळलं? तात्या शांतपणे आत आले, चालू गिरणीपाशी उभे राहिले आणि एका आजीबाईंचं बाजरीचं दळण सावरू लागले. पिठात रक्ताचा थेंब पडला तशी आजी किंचाळली. मी शिवण टाकून धावले.

"आगं, फुरसंच हाय," तात्या म्हणाले. "वराडताय काय? एवढं दळण होऊ द्या."

"मारुतीपुढं न्या, मारुतीपुढं बसवा!" आजी म्हणाली.

"मारुतीला कशाला तरास? अशी शंभर फुरशी चावली तरी ताईपानाच्या एका चाव्याची बरोबरी न्हाई."

बोट एव्हाना भोपळी मिरचीएवढं झालं होतं. मी गिरणीचं बटण बंद केलं. आमच्या ह्यांनी टेम्पो काढला आणि आम्ही दोघांनी तात्यांना अक्षरशः कोंबून बसवलं. वाटेभर त्यांची तक्रार एकच, की आजीचं दळण अर्धं राहिलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काचेच्या नळीत तात्यांचं रक्त घेतलं आणि गोठतंय का बघायला बाजूला ठेवलं. तेवढ्या वेळात तात्यांनी त्यांना ताईपान समजावून सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं. मग नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत गेलं.

"तात्या," त्या म्हणाल्या, "तुमचा तो साप भारी असेल, पण तो तिकडं वाळवंटात आहे. माणसं मरतात ती ह्या फुरशानं. कारण हे आपल्या अंगणात असतं."

तात्यांनी त्या नळीकडं बघितलं.

"गोठलं न्हाई?"

"नाही. आता औषध चढवू. पुन्हा रक्त तपासू, तेव्हा गोठायला पाहिजे. तुमच्या घरच्यांना कळवून ठेवा."

सलाईन सुरू झालं. हात कोपरापर्यंत सुजला. मी मोबाईल काढला, तसा तात्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"प्रवीणला न्हाई सांगायचं."

"तात्या, वेडेपणा पुरे. बरंवाईट झालं तर तोंड काय दाखवू त्याला?"

"त्याची आई गेली तवा सांगितलं हुतं ना? धावत आला. इमान, मग गाडी, मग ह्यो आपला रस्ता. तोवर समदं उरकल्यालं. तोंड बी दिसलं न्हाई तिचं. गिरणीत त्या पिठाच्या डब्यापाशी बसून रडत हुतं लेकरू. पुन्यांदा तसं धावायला लावू नको त्याला. पाया पडतो."

मी उगाच रागानंच म्हटलं, "एवढी माया आहे, तर दर रविवारी त्या मेल्या सापाचं काय विचारता?"

तात्यांनी नजर वर पंख्याकडं वळवली.

"तो गेला तवा मोबाईलवर बघितलं, पोराच्या मुलखात काय काय आसतंय. पयला ह्योच निघाला. शंभर मानसांचं इख! त्याच्या हापिसातलं मला कळत न्हाई, त्याच्या जेवनातलं कळत न्हाई. साप कळतो. 'न्हाई दिसला' म्हनला, की मला झोप लागती."

"आणि नागपंचमीला काय पुटपुटत होता?"

"म्हनलं, बाबा, उंदरं खा, मोठा हो. माज्या पोराच्या वाटंला जाऊ नको."

मी उठून खिडकीपाशी गेले. त्या बिनफण्याच्या नागाला मी हसले होते, ते आता मला खुपायला लागलं.

बरोबर चारला तात्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. तात्यांनी सूज आलेला हात चादरीत घातला. "नुसतं तोंड दिसंल असा धर," ते मला म्हणाले. मी धरला. तेवढ्यात बघते तर तात्यांच्या दातांना लालभडक रक्त! हिरड्यांतून येत होतं. सांगायला उशीर झाला, पडद्यावर प्रवीण आलाही होता.

"साप दिसला का?" तात्यांनी ओठ मिटल्यासारखे करून विचारलं.

"नाही तात्या. पण तुम्ही जरा— तात्या, तोंड उघडा. हे लाल काय?"

काकू गेल्या तेव्हा प्रवीणनं तात्यांना आईची शपथ घातली होती आणि त्या दिवसापासून त्यांनी पानतंबाखूला हात लावला नव्हता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

"पान खाल्लं," तात्या म्हणाले. "तंबाखू घालून."

"काय?"

"खाल्लं म्हनतो ना. चुकलं."

मग जे पोरगं सुटलं! आईची शपथ काय, कॅन्सर काय, एकटे राहता तर अक्कल नको का, परत खाल्लं तर मी बोलणार नाही, मागच्या दगडांत फुरशी असतात, तिथं हात घालत जाऊ नका, काठी वापरा, बूट घाला, माझं तिकडं कोण आहे तुमच्याशिवाय. तात्या मान खाली घालून "व्हय, व्हय" करत होते. एवढं लांब बोलणं त्या दोघांत मी कधी ऐकलं नव्हतं.

फोन बंद झाला तेव्हा डॉक्टरीणबाई दुसरी नळी घेऊन आल्या. आडवी केली. रक्त हललं नाही.

"गोठलं, तात्या! वाचलात!"

तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. डोळे पाण्यानं भरलेले, मिशीत हसू मावत नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "लई रागावला गं आज!"