घंटा वाजेपर्यंत

पोथी वाचणाऱ्या बाईला जगातलं कुठलंही पुस्तक जड जात नाही, असं मी आमच्या रुचिराला ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे माझ्या मानानं. माझा आवाज इतका हळू, की आमची मांजरसुद्धा दोनदा हाक मारल्याशिवाय वळत नाही.

रुचिरा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. तिनं लायब्ररीतून एक कादंबरी आणली होती. कुठल्या तरी बर्फाच्या देशातली, मराठीत केलेली, उशीएवढी जाड.

"आई, हे तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "माणूस कशासाठी जगतो, देव आहे का, असले प्रश्न आहेत यात."

"म्हणजे देवाचंच आहे ना?"

"देवाचंच आहे. पण देव नाही असं म्हणणाऱ्याचं आहे."

"असू दे. माझे सगळे श्रावण पोथी वाचण्यात गेलेत. मला नको शिकवू."

आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी संकल्प सोडला! आंघोळ करून, निरांजन लावून, पुस्तक लाल फडक्यात घालून पाटावर ठेवलं. हळद-कुंकू वाहणार तेवढ्यात रुचिरानं हात धरला, "आई, लायब्ररीचं आहे!" म्हणून एक फूल वाहिलं. नेम पोथीचाच. रोज एक अध्याय, मोठ्यानं. एक अक्षर गाळायचं नाही. मध्ये बोलायचं नाही, आसनावरून उठायचं नाही, पुढची पानं उलटून बघायची नाहीत, आणि अध्याय संपेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. पहिला अध्याय चार पानांचा होता. पोथीतले अध्याय कसे, एकाच तव्यावरच्या घावण्यांसारखे, थोडे उन्नीस-बीस. इथंही तसंच असणार, असं मी धरून चालले.

गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. गावातल्या प्रार्थनाघराची घंटा रोज संध्याकाळी हाच वाजवायचा. एक दिवस त्याच्या मनात आलं, आज नाही वाजवली तर काय होईल? देव रागावेल? की कुणालाच काही कळणार नाही? आणि तो मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहिला.

मला तर वेडच लागलं! फुलं तोडताना तोच, तांदूळ निवडताना तोच. तुळशीला पाणी घालताना मी तिलाच विचारलं, "बाई, वाजवील का गं तो?" आमचे हे म्हणाले, "आता पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून लाँच दर्यात जाईपर्यंत मला घरातच बसायचंय. त्या घंटेवाल्याबद्दल ऐकून ऐकून मी बर्फात राहिल्यासारखा झालोय."

पुढच्या रविवारी सकाळी मी नवा अध्याय उघडला. वाचतेय, वाचतेय, अध्याय संपायचं नाव नाही. म्हातारा पायरीवर बसून विचार करतोय. आईचा, मेलेल्या भावाचा, मग गावातल्या एकेका माणसाचा, आणि गाव चांगलं मोठं होतं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

"अगं," हे आत येऊन कुजबुजले, "दाभोळची माणसं आलीत. रुचिराला बघायला. सुजयची आई स्वतः आलीय."

सुजय म्हणजे गेल्या वर्षी आमच्या लाँचचं इंजिन दुरुस्त करून गेला तो मुलगा. दाभोळात त्यांच्या दोन होड्या. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं रिकामी, म्हणून आली न कळवता. मी रुचिराकडे पाहिलं. ती अशी लाल झाली, की इंजिन दुरुस्त व्हायला चार दिवस का लागले ते मला तेव्हा कळलं.

पण मी आसनावर! बोलायचं नाही, उठायचं नाही. डोळ्यांनीच यांना 'बसवा' म्हटलं आणि वाचत राहिले. एवढं चांगलं स्थळ, आणि मुलीची आई साधं 'या' म्हणत नाही!

सुजयची आई ठमाबाई दारातच थबकल्या. निरांजन दिसलं, लाल फडकं दिसलं. "पोथी चाललीय," त्या मागं वळून म्हणाल्या. "कुणी बोलायचं नाय." पदर डोक्यावर घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मागं त्यांचा भाऊ खंडूमामा, त्याच्यामागं सुजय. रुचिरा भिंतीला टेकून.

आता पोथी ऐकायला बसलेला माणूस अध्यायाच्या मध्ये उठत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि वाचणारी उपाशी तर ऐकणाऱ्यानं खायचं कसं? ह्यांनी चहा आणला तर ठमाबाईंनी तो हातानंच परत पाठवला. हे स्वयंपाकघरात गेले. यांना येतं फक्त माशाचं कालवण, आणि श्रावण चाललेला. नुसतीच भांडी वाजायला लागली.

जेवणवेळ टळली. खंडूमामांचं पोट गुरगुरलं, मग ते स्वतःच घोरायला लागले. म्हातारा पायरीवर.

आणि मग ते पान आलं. म्हाताऱ्यानं वर बघून म्हटलं होतं, देव नाही. अक्षर गाळायचं नाही, पण हळू वाचायला कुठं बंदी आहे? मी ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

"वैनी," ठमाबाई पुढं सरकल्या, "महत्त्वाचं तेवढं गिळताव. वायच मोठ्यान्."

ऐकणाऱ्यानं मागितलं तर ओळ पुन्हा वाचायची, हीसुद्धा रीत. मी पुन्हा वाचलं.

"अजून मोठ्यान्. मला ह्या कानान् कमी येतं."

मग मात्र मी डोळे मिटले, मनात शंकराची माफी मागितली आणि जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला. "देव नाही!"

खिडकीबाहेर शेजारच्या मैनाकाकू उद्याच्या पूजेसाठी जास्वंदीच्या कळ्या तोडत होत्या. त्यांच्या हातची परडी पडली. त्या तशाच पळाल्या, आणि घटकाभरात आळीतल्या बायका खिडकीशी जमल्या. इकडे खंडूमामा दचकून जागे झाले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "महाराज की जय!"

झालं! आता ठमाबाई उठणार, लेकाला घेऊन चालत्या होणार. रुचिरानं तोंडावर ओढणी धरली होती.

ठमाबाई विचारात पडल्या होत्या. "वर बघून बोलला ना?" त्या खंडूमामांना म्हणाल्या. "मग? नाय असं सांगतोय ते कुणाला?"

खिडकीतल्या बायकांनी माना डोलावल्या. मी पुढं वाचलं.

उन्हं कलली तेव्हा म्हातारा उठला, त्यानं दोर हातात घेतला, आणि अध्याय संपला. मी नमस्कार करून म्हटलं, "पानं घेते हं वाढायला."

"जेवण ऱ्हावं द्या. घंटा?"

"उद्याच्या अध्यायात असेल."

"मग तो वाचा."

"दिवसाला एकच, ठमाबाई. संकल्प आहे." सुजयनं रुचिराकडे पाहिलं, रुचिरानं जमिनीकडे.

ठमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दारात सोयरीक आली तरी नेम मोडला नाय. घर चांगलं. पोरगी आमका पसंत." आणि रुचिरा पाया पडायला वाकायच्या आत त्यांनी पुस्तकाला हात जोडले. "आता माझाही नेम ऐका. तो घंटा वाजवीपर्यंत मी भात सोडला. वाजली की त्याच दिवशी साखरपुडा."

"आये, पुस्तक आहे ते," सुजय म्हणाला.

"तू गप. माणूस उपाशी बसलाय तिथं."

तेव्हापासून रोजचा अध्याय मी फोनवर दाभोळला वाचून दाखवायला लागले. म्हातारा दोर धरायचा, सोडायचा, पुन्हा खाली बसायचा. सुजय रुचिराला सांगायचा, "भाकऱ्या खाऊन आयेचा स्वभाव बदललाय. वाजवा म्हणावं एकदाची."

शेवटच्या अध्यायाचं शेवटचं पान मी परवा उलटलं. म्हाताऱ्यानं दोर धरला होता. खाली बारीक अक्षरात होतं, की इथवर लिहून लेखक आजारी पडले आणि वारले. कादंबरी अपुरी राहिली.

"रुचिरा," मी म्हटलं, "तुला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं असणार? परीक्षेला पहिले चारच अध्याय होते," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

ठमाबाईंना मी 'पुढच्या अध्यायाला वेळ लागेल' एवढंच कळवलंय. खोटं नाही ते. कारण आता तो अध्याय मीच लिहायला घेतलाय. आंघोळ करून, निरांजन लावून, उपाशीपोटी. सोपं आहे खरं तर. उठला, दोर ओढला, घंटा वाजली.

पण त्या मेल्याच्या हातात दोर दिला की तो मलाच विचारतो, "कशासाठी?" मी म्हणते, "अरे बाबा, आमच्या रुचिराच्या साखरपुड्यासाठी." ते त्याला पुरत नाही. पुन्हा बसतो पायरीवर.

आणि कुणाला सांगू नका, काल लिहिता लिहिता मीही बसले त्याच्याशेजारी. हे तीनदा जेवायला बोलावून गेले म्हणे. मला ऐकूच आलं नाही.