निर्दोष नर, वय वर्षे एक

घरात पावाचा एक कणसुद्धा उरलेला नाही, अशी शेगुलाबाई वाकरूळकरांची पक्की खात्री झाली आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर समोर बकरा.

बकऱ्याच्या गळ्यात लाल रिबीन होती. रिबिनीमागे दोरी होती, दोरीमागे रडवेल्या चेहऱ्याची जमुना होती आणि जमुनेच्या मागे तळमजल्यावरचा ब्रदर विपुल, तिच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रवचनकार, काखेत बायबल घेऊन हसत उभा होता.

“शालोम, आंटी! वल्हांडणाच्या शुभेच्छा! हे घ्या तुमचं कोकरू. निर्दोष नर हाय, एक वर्षाचा. कान, खूर, दात, सगळं तपासून आणलंय.”

शेगुलाबाईंनी बकऱ्याकडे पाहिलं, बकऱ्याने शेगुलाबाईंकडे पाहिलं. हा काय प्रकार आहे ते दोघांनाही कळेना.

पालघरच्या त्या साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत वाकरूळकरांचं घर हे एकमेव ज्यू घर. बेने इस्राएल. म्हणजे घरात बोलणं मराठी, पोटात भात आणि सातपाटीचं पापलेट, आणि पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आज त्यांच्या पेसाखचा, म्हणजे विपुलच्या मराठी बायबलातल्या वल्हांडणाचा, पहिला दिवस सूर्यास्ताला सुरू होणार होता. पेसाखचे आठ दिवस घरात आंबवलेलं काही ठेवायचं नाही. पाव नाही, बिस्कीट नाही, त्याचा चुरासुद्धा नाही. त्यापायी शेगुलाबाई दहा दिवस घर खरवडत होत्या. तांब्याच्या भांड्यांना कल्हई झाली, पडदे धुतले गेले, फ्रीज भिंतीपासून ओढून त्याची पाठ पुसली. शेवटचा टोस्ट सकाळी नऊ वाजता गच्चीवर नेऊन जाळला.

एवढा आटापिटा करण्याचं कारण ठाण्याहून पाच वाजता येणार होतं. त्या कारणाचं नाव हन्नाताई. नवऱ्याची, एझ्रासाहेबांची, ही थोरली बहीण गेली तीस वर्षं सेदरचं, म्हणजे पेसाखच्या पहिल्या रात्रीचं जेवण आपल्याच घरी घालत आली होती आणि दर वर्षी ताटावर बसता बसता म्हणत होती, “शेगुला, तुमी पालघरात राहून सगळं विसरलात गं. तिकडं ना सिनेगॉग, ना आपली माणसं.” तीस वर्षं शेगुलाबाईंनी हे वाक्य भाताबरोबर गिळलं. यंदा हन्नाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सेदर पहिल्यांदाच पालघरला आला. आज एक कण जरी सापडला असता तरी ते वाक्य पुढची तीस वर्षं ऐकावं लागलं असतं.

“हे कोणी मागवलं?” शेगुलाबाईंनी विचारलं.

“अंकलांनी! मी जिन्यात विचारलेलं त्यांना, कोकरू आणलं तर चालंल का? ते म्हणाले, हो हो, आणा की.”

एझ्रासाहेबांनी तारापूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली ती ‘हो हो’ या दोन शब्दांवर. समोरचा काय म्हणतो हे ऐकण्याआधीच ते हो म्हणून मोकळे होत. आताही ते बनियन-लुंगीवर बाहेर आले, बकरा पाहिला आणि सवयीने म्हणाले, “हो हो, या की.”

बकरा आला. जमुनेच्या हातून दोरी सुटली आणि तो थेट दिवाणखान्यात घुसला. त्याला धरायला जमुना धावली, तशी तिच्या हातातली पिशवी दाराच्या कडीत अडकून फाटली आणि सगळीकडे शिळे पाव घरंगळले. शहरात पाला कुठे मिळणार, म्हणून तिने बोईसरच्या बेकरीतून बकऱ्यासाठी मागून आणलेले.

“पाव!” शेगुलाबाई साप दिसावा तशा किंचाळल्या. “एझ्रा, पाव!”

बकऱ्याने एक पाव तोंडात धरला आणि तो चघळत चघळत स्वयंपाकघर, देवाच्या पुस्तकांचं कपाट आणि दोन्ही पलंगांखालून फेरी मारली. एक जागा त्याने सोडली नाही. दहा दिवसांची मेहनत दोन मिनिटांत मातीत गेली. घड्याळात साडेतीन वाजले होते.

शेगुलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना खरंच रडू येत होतं. पण विपुल खूश होता.

“आंटी, कापायचा कधी? आमची मंडळी चार वाजता येतायत बघायला. अकरा जण हायत. सगळ्यांना सांगितलंय, अस्सल यहूदी वल्हांडण दाखवतो म्हणून.” मग जरा घुटमळून त्याने विचारलं, “अंकल तेव्हा तो काळा झगा आणि टोपी घालणार ना?”

“घरात पंखा बंद पडला तर मी बनियनसुद्धा काढतो,” एझ्रासाहेब म्हणाले. “झगा कुठला घालू?”

एवढ्यात जमुना बकऱ्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. “बाय, नका कापू ओ. लहानपणापासून बाटलीनं दूध पाजलाय त्याला. ब्रदर बोलले देवाचा काम हाय, मी नाय कशी बोलू? पन माजा जीव नाय मानीत.”

तिचं रडणं ऐकून शेगुलाबाईंचं रडू जागच्या जागी थांबलं. त्या चाळीस वर्षं शिक्षिका होत्या. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की त्यांच्या अंगात यायचं, तसं आता आलं.

“विपुल, बस इथं. कोणी सांगितलं तुला आमी बकरा कापतो म्हणून?”

“लिहिलंय ना, आंटी. जुन्या करारात.”

“ते झालं मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून निघतानाचं. नंतर बळी दिले जायचे ते यरुशलेमच्या मंदिरात. ते मंदिर रोमन लोकांनी पाडलं, त्याला साडेएकोणीसशे वर्षं झाली. तेव्हापासून बळी बंद. तुमच्या पुस्तकात आमची गोष्ट जिथं संपते ना, तिथून पुढं आमी काय झोपा काढत होतो?”

विपुल काखेतलं बायबल काढून मागची पानं चाळायला लागला.

“मंदिर गेलं, तेव्हा आमच्या गुरुजींनी सांगितलं, आता घरातलं जेवणाचं ताट हीच वेदी. बळीच्या जागी प्रार्थना करा, पुस्तक वाचा, पोरांना गोष्ट सांगा. म्हणून आज आमच्या ताटात बकऱ्याचं नुसतं एक भाजलेलं हाड असतं, आठवणीला. ते मी परवाच खाटकाकडून आणलंय. आणि माहीत हाय का तुला, ते गुरुजी कुणाच्या परंपरेतले होते?”

“कुणाच्या?”

“परूश्यांच्या.”

विपुल खुर्चीतून अर्धा उठला. परूशी म्हणजे येशूशी वाद घालणारे यहूदी पंडित, परूशी म्हणजे ढोंगी, आतून एक बाहेरून एक, हे तो गेले अकरा रविवार आपल्या मंडळीला शिकवत होता. गेल्या रविवारी तर त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीलाच परूशी म्हटलं होतं.

“पण आंटी, परूशी तर वाईट होते.”

“वाईट कुणी सांगितलं? त्यांच्याशी ज्यांचं भांडण होतं त्यांनी! माझ्याबद्दल माझ्या नणंदेला विचारशील तर काय ऐकशील?”

जमुनेने नाक पुसलं. “बाय, म्हंजी ते परूशी लोकांनी बोकड कापायचा बंद केला?”

“असं समज.”

“मंग ते चांगलेच व्हते की!” जमुना विपुलकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. “ब्रदर, तुमी त्यांना इतका वाईट बोलता नि त्यांनीच माजा बकरा वाचवला. येत्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, सांगून ठेवते!”

अकरा रविवारांची प्रवचनं एका बकऱ्याने खाल्ली होती.

तेवढ्यात मंडळी आली. अकराजण, इस्त्रीच्या कपड्यांत, भक्तिभावाने चपला काढून दारात उभे. शेगुलाबाईंनी घड्याळ पाहिलं, जमिनीवरचा चुरा पाहिला, मग ही बावीस रिकाम्या हातांची फौज पाहिली. देव कुठून मदत पाठवील ते सांगता येत नाही.

“अस्सल यहूदी वल्हांडण बघायचंय ना?” त्या पदर खोचत म्हणाल्या. “चला, हा घ्या झाडू. ही मेणबत्ती, हे कोंबडीचं पीस. मेणबत्तीच्या उजेडात चुरा शोधायचा आणि पिसाने कागदावर ओढायचा. कण दिसला की ओरडायचं. एझ्रा, बकरा गॅलरीत बांध.”

“हो हो,” एझ्रासाहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते उत्तर योग्य ठिकाणी पडलं.

पुढचा पाऊण तास त्या घरात जे झालं ते इमारतीने कधी पाहिलं नव्हतं. पलंग हलले, कपाट सरकलं, गाद्या झटकल्या गेल्या. दर मिनिटाला कुठून तरी “सापडला!” अशी आरोळी उठायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. विपुल पोटावर झोपून पलंगाखाली शिरला होता आणि तिथून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

“आंटी,” तो आतूनच म्हणाला, “आमाला शिकवलेलं, तुमच्यावर नियमशास्त्राचं भारी ओझं हाय. तुमी बिचारे दबून गेलेले.”

“ओझं असतं तर मघापासून गाणं म्हणत झाडलं नसतंस.”

पलंगाखालचं गुणगुणणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

“आणि ऐक,” शेगुलाबाई आता रंगात आल्या होत्या. “दोनशे वर्षांपूर्वी तुमचे गोरे मिशनरी आमच्याकडं आले. चांगली माणसं. आमच्या लोकांना हिब्रू शिकवली, शाळा काढल्या आणि आता हे आपल्यात येतील म्हणून वाट बघत बसले. आमचे लोक हिब्रू शिकले, त्यांचे मनापासून आभार मानले आणि सिनेगॉगमध्ये जाऊन आपलीच पुस्तकं वाचायला लागले! त्याच्या आधी तर पुस्तकसुद्धा नव्हतं. तरी सण चुकवला नाय. आठ दिवस आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं, एवढंच लक्षात होतं. ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणायचे. मडक्यावरच्या झाकणावर आमी धर्म टिकवलाय, बाबा.”

मंडळीतली एक म्हातारी झाडू खाली ठेवून उगाचच त्यांच्या पाया पडली.

पावणेपाचला सगळा चुरा गच्चीवर जाळला गेला. पाचला हन्नाताई आल्या. काठी टेकत आत शिरल्या आणि दारातच थबकल्या. घरात तेरा अनोळखी माणसं घामाने निथळत उभी, एकाच्या हातात मेणबत्ती, दुसऱ्याच्या हातात कोंबडीचं पीस, आणि गॅलरीत बकरा.

“सांगत होते ना,” हन्नाताई समाधानाने म्हणाल्या. “पालघरात राहून...”

वाक्य पुरं करण्याआधी त्यांचं बोट कामाला लागलं. बोट फ्रीजमागे गेलं, टीव्हीच्या फळीवरून फिरलं, कपाटाच्या सांध्यात शिरलं. प्रत्येक वेळी बोट स्वच्छ बाहेर आलं. हन्नाताईंचा चेहरा उतरत गेला. शेगुलाबाई श्वास रोखून मागोमाग चालत होत्या.

“एक कण नाय, ताई,” विपुल अभिमानाने म्हणाला. आता तो या कामात कुणाचंही ऐकणारा राहिला नव्हता. “सगळं बघून झालं. तुमची पिशवी तेवढी राहिली.”

“माझी पिशवी?”

“सूर्यास्ताच्या आत बघायला पाहिजे. नियम हाय.”

हन्नाताईंना काही सुचायच्या आत त्याने पिशवी अदबीने हातात घेतली आणि मेणबत्तीसमोर धरली. चष्म्याचं घर निघालं, गुडघ्याचा पट्टा निघाला, गोळ्या निघाल्या. तळातून अर्धा उघडलेला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा निघाला. त्याच्या खाली मूठभर चुरा.

“सापडला!” अकरा कंठांतून आरोळी उठली आणि सवयीने टाळ्याही पडल्या.

“डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाय,” हन्नाताई पुटपुटल्या. “सकाळचा राहिला असेल.”

तीस वर्षांत शेगुलाबाईंनी या क्षणासाठी किमान शंभर उत्तरं मनात तयार करून ठेवली होती. एकेक धार लावून. त्यातलं एकही त्यांनी बाहेर काढलं नाही. “असू दे, ताई,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “माणूस विसरतो.” याहून मोठा सूड कोणी घेतला नसेल.

पुडा जळला, सूर्य मावळला. एझ्रासाहेबांनी कोरा पांढरा सदरा घालून पुस्तक उघडलं. ‘जो कोणी भुकेला असेल त्याने यावं आणि आमच्याबरोबर जेवावं,’ असं त्यात सुरुवातीलाच म्हटलेलं असल्यामुळे अकरा, विपुल आणि जमुना यांना घरी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी बिनखमिराची पोळी मोडली, मनुकांचं शरबत प्यायलं, कडू पाल्याने तोंडं वाकडी केली आणि खजुराच्या गोडाने सरळ केली. सेदरमध्ये प्रश्न विचारायचे असतात. विपुलने एकट्याने सतरा विचारले. प्रवचन सांगायला तो एकदाही उठला नाही. पापलेटाचं कालवण आणि भात मंडळींना तीनदा वाढला, तेव्हा कुठे पातेलं संपलं.

शेवटी सेदरचं शेवटचं वाक्य आलं, ते सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, “पुढच्या वर्षी यरुशलेमात!”

हन्नाताईंनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून पुसला आणि भावजयीकडे न बघता म्हणाल्या, “आणि नाय जमलं, तर पालघरातच कर गं, शेगुला. मी दोन दिवस आधी येते. झाडायला.”