पाहणी, सासूबाई आणि एक डॉक्टर

पाहणी कशी उरकावी, हे कुणी शिकावं तर माझ्याकडून! नगरपालिकेच्या दवाखान्यात मी हेडक्लार्क आहे. माझ्या कारकिर्दीत कित्येक समित्या आल्या, चहा प्यायल्या, "छान, छान" म्हणाल्या आणि गेल्या. एकीलाही कधी काही सापडलं नाही. सापडणार कसं? असेल ते आम्ही दाखवतो आणि नसेल ते मागवतो.

मागवतो म्हणजे पुलापलीकडच्या दवाखान्यातून. तिथला हेडक्लार्क माझा दोस्त. पाहणी आमच्याकडे असली की त्यांचं सामान आमच्याकडे, त्यांच्याकडे असली की आमचं त्यांच्याकडे. पडदे, वजनकाटा, वाफेचं मशीन, हात कसे धुवावेत याचा तक्ता, सगळं हातगाडीवरून येतं-जातं. दोन्ही मिळून एक दवाखाना अगदी पुरेपूर होतो!

नव्हता तो फक्त डॉक्टर. आमचे डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते आणि पुलापलीकडेही तीच बोंब, त्यामुळे उसना आणायचीही सोय नाही. याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या सासूबाईंना. त्यांना दमा. दोन वाक्यं बोलल्या की तिसरं अर्ध्यात तुटायचं. पण दुसरीकडे जायला त्या तयार नव्हत्या. "जावई दवाखान्यात एवढा मोठा साहेब असताना मी परक्याच्या दारात जाऊ?" असं म्हणायच्या आणि खोकायच्या. बायको रोज विचारायची, "अहो, डॉक्टर कधी येणार?" मी म्हणायचो, "येईल." आणि पेपर वाचायला घ्यायचो.

अशात निरोप आला, आरोग्य समितीच्या सभापतीबाई पाहणीला येताहेत. बाई नव्या, कडक. मी ठरवलं, या खेपेला समाधानी पेशंटसुद्धा दाखवायचा! सासूबाई एका पायावर तयार झाल्या.

"काय बोलायचं मी?"

"एवढंच, की इथे चांगली सोय आहे."

"बस्स? एवढ्यासाठी मी ठेवणीतले कपडे काढू?"

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सभापतीबाई आल्या. पडदे पाहिले, वजनकाट्यावर स्वतः उभ्या राहिल्या आणि घाईघाईने उतरल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर कुठे आहेत?"

"पेशंट बघायला बाहेर गेलेत, मॅडम."

बाई सासूबाईंकडे वळल्या. "आजी, इथे काही अडचण?"

"अडचण? अहो, डॉक्टर म्हणजे देवमाणूस! रोज येतात. मी आले नाही तर घरी येऊन बघतात. पथ्य पाळते की नाही, म्हणून स्वयंपाकघरात डोकावून जातात!"

सिस्टरने तोंडाला रुमाल लावला. मी डोळ्यांनी 'पुरे, पुरे' करत होतो. पण सासूबाईंना चेव चढला होता. "हात तर इतका हलका, की सुई टोचलेली..."

आणि त्या थांबल्या. छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. मला वाटलं, हाही अभिनयच! मी कानाशी जाऊन म्हटलं, "आता अति होतंय हं!" तर त्यांनी माझा हात असा घट्ट धरला, की मला कळलं, नाटक नाही हे. मी ओरडून सिस्टरला हाक मारली. सासूबाई झाल्या म्हणून काय झालं, जिवाचं माणूस आहे हो!

सिस्टर धावली. वाफेचं मशीन लावलं. उसनं मशीन, पण नशिबाने चाललं. हळूहळू श्वास जागेवर आला. मी घामाने निथळत होतो.

आणि सभापतीबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या!

"काय ही तत्परता! डॉक्टर बाहेर असतानाही इतकी चोख व्यवस्था! माझं काम सोपं केलंत. पालिकेला एक डॉक्टर मिळालाय. तो तुम्हाला द्यायचा की पुलापलीकडे, एवढंच मला बघायचं होतं. तुमची जागा कागदावर रिकामी दिसते म्हणे. पण मी कागदावर विश्वास ठेवत नाही, डोळ्यांनी बघते!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत काय कमी आहे, हे विचारायला कुणी आलंच नव्हतं! जो तो चूक कुणाची ते शोधायला यायचा. आम्हाला लपवायची सवय लागली, ती लागलीच.

सासूबाई धडपडत उठल्या. "अहो बाई, इथे डॉक्टर नाहीच! मी खोटं बोलले!"

सभापतीबाई हसल्या. "घाबरू नका आजी, तुमच्या डॉक्टरांना कुणी हलवत नाही."

"पण नाहीतच ते!"

"मॅडम, खरंच नाहीत हो," मी म्हणालो.

"केवढी हाव!" बाईंनी कौतुकाने माझ्याकडे बोट नाचवलं. "दुसरा मिळावा म्हणून पहिला नाकारताय! लबाड कुठले!"

आणि त्या तडक पुलापलीकडे गेल्या. तिथलं सगळं सामान आमच्याकडे! माझा दोस्त उघड्या खिडक्या आणि भिंतीतले खिळे यांच्यामध्ये उभा होता. बाईंचे डोळे पाणावले म्हणे. डॉक्टर त्यांना जागच्या जागी मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंना बसने पुलापलीकडे नेलं. तिथल्या वॉर्डाचे पेशंट आधी, परके मागून, त्यामुळे आमचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. डॉक्टर तरुण, भला माणूस. त्याने नीट तपासलं, तोंडात ओढायचा पंप दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं. बाहेर येऊन सासूबाईंनी लांबलचक श्वास घेतला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"जावईबापू, छाती अगदी मोकळी झाली बघा."

"वा, वा!"

"आता बसा इथे. मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

त्या दिवशी बस यायला फार उशीर झाला हो!